मुकी पट्टी

या आठवणींमध्ये कॉलेजचं प्रकरण सगळ्यात शेवटी आलं, म्हणून पल्लवीने, माझ्या सुनेने, विचारलं, "आई, क्रम चुकला का तुमचा?" क्रम नाही चुकला बाई. माझ्या आयुष्यातच ते शेवटी आलं. बारावीनंतर नर्सिंग, नर्सिंगनंतर लग्न, मग महापालिकेचा दवाखाना, दोन बाळंतपणं, सासूबाईंचं आजारपण. या सगळ्यात तरुणपण नावाची गोष्ट कधी येऊन गेली ते मला कोणी कळवलंच नाही. निवृत्त झाले आणि घरात बसून डाळी निवडायला लागले, तेव्हा पल्लवीने एके दिवशी मोबाइलवर टकटक काहीतरी केलं आणि म्हणाली, "घ्या, झाला तुमचा बी.ए.चा प्रवेश. नाट्यशास्त्र." मला वाटलं थट्टा करतेय. आमचे हे एसटीत कंट्रोलर होते आणि आवाज अजून स्टँडवरचाच आहे. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून मला नीट बघितलं आणि अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असं म्हणाले, "गॅदरिंगला फिशपाँड पडतील हं तुला!" पडले की. चांगले ढीगभर पडले. सगळे पाठ आहेत मला, पण इथे लिहिणार नाही.

तर माझं तरुणपण साठीनंतर सुरू झालं, आणि ते इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये झालं. कारण असं की कॉलेजचा तालमीचा हॉल संध्याकाळी शिपाई कुलूप लावून बंद करायचा, आणि या पोरांना नवं संगीत नाटक करायचं होतं. जुनं कुणाचं उचलून नाही, स्वतःचं. गोष्ट स्वतःची, गाणी स्वतःची, चाली स्वतःच्या. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आलेली आणि हातात काय, तर काही नाही. नाटक लिहिणारा आणि बसवणारा रोहित, माझ्याच वर्गातला, अंगाने काडी आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. चाली लावणारी अनुजा. ती सटाण्याकडची, होस्टेलला राहायची, बोलायची इतकं कमी की पहिले काही दिवस मला वाटलं हिला बरं नाही, नाडी बघावी. ती गाणं कुठे शिकलेली नव्हती. तिला चाली सुचायच्या, बस. मी सहज म्हटलं, "माझ्या घरी पेटी आहे." झालं! दुसऱ्या दिवशी दारात चपलांचा ढीग.

ती पेटी माझ्या वडिलांची. दादांची निफाडकडे गावात गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत बैलगाडीने, पुढे टेम्पोने, गावोगाव जायचे. दादा पेटी वाजवायचे आणि गायचे, काळी चारला सा धरून, उंच आणि खणखणीत. मी शेजारी बसून झांज धरायचे. गायचं नाही, फक्त झांज. मला कोणी गाऊ नको म्हटलं नव्हतं, पण गा असंही कोणी म्हटलं नाही. या पेटीची मधल्या सप्तकातली एक पांढरी पट्टी मुकी होती. एका कार्यक्रमात तिची आतली रीड तुटली आणि तेव्हापासून ती दाबली की नुसती लाकडाची 'टक' वाजायची आणि थोडी हवा सुटायची. नेमका गंधार. सा, रे, ग मधला ग. पार्टीतले लोक म्हणायचे, दुरुस्त करून घ्या. दादा म्हणायचे, "एवढा एक माझा मी लावतो की!" आणि खरंच लावायचे. गाण्यात तो सूर आला की आधी पट्टीची टक, आणि मग पेटीच्या जागी दादांचा गळा. तो एकच सूर ते बाकीच्यांपेक्षा जरा जोरात लावायचे, भोक बुजवायचं म्हणून. मी लहानपणी अंगणात गोधडीवर पडून वाट बघायचे, टक कधी येते त्याची. टकच्या मागे दादा यायचेच. दादा गेले तेव्हा भावांना पेटी नको होती, ती माझ्याकडे आली, आणि आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली माळ्यावर राहिली.

अनुजाने पेटीवरचं लुगडं सोडलं, भाता मारला आणि पट्ट्यांवरून हात फिरवला. मुकी पट्टी तिच्या बोटाखाली आली असणारच. तिने माझ्याकडे बघितलं, मी हसले, ती हसली आणि वाजवायला लागली. एवढंच. मला वाटलं तिला कळलं. पुढे जे रामायण झालं ते या एका हसण्यामुळे.

गाणं कसं होतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं. ऐकली खूप होती. पण गाणी म्हणजे आधीपासून असलेली गोष्ट, जशी मीठ किंवा ऊन, असंच मी धरून चाललेले. आणि इथे माझ्या दिवाणावर मांडी घालून ही पोरगी बसायची, रोहित दोन ओळी म्हणायचा, ही डोळे मिटायची, बोटं इकडे तिकडे चाचपडायची, चुकायची, चक् करायची, परत चाचपडायची. मी स्वयंपाकघरात काळ्या मसाल्याचा वाटाणा परतत असायचे. आणि मध्येच एकदम हात थांबायचा माझा. कारण बाहेर काहीतरी झालेलं असायचं. मघाशी नव्हतं ते आता होतं. चार पोरं तेच गुणगुणायला लागायची, ढोलकीवाला मांडीवर ठेका धरायचा, आणि मी झारा हातात घेऊन दारात उभी. दवाखान्यात किती बाळंतपणं केली असतील मी, मोजदाद नाही. प्रत्येक वेळी बाळ रडलं की अंगावर काटा यायचा, शेवटच्या दिवसापर्यंत यायचा. तसाच काटा. फक्त इथे आई वीस वर्षांची, अर्धी भाकरी तोंडात, आणि तिला आपण काय केलं याचा पत्ता नाही. "काय गं हे, कुठून आणलंस?" मी विचारायचे. "माहीत नाही, काकू," ती म्हणायची, आणि मग ताटाकडे बघून, "पण हा रस्सा भारी शे." खुशीत आली की तिच्या तोंडून घरचं 'शे' निसटायचं.

पोरांना जेवायला घालणं हा माझा कोर्समधला मुख्य विषय झाला होता. बाजरीच्या भाकरी, ठेचा, कधी अनुजासाठी कळण्याची भाकरी आणि भरीत. हे टीव्हीचा आवाज मोठा करून निषेध करायचे आणि नंतर टीव्ही बंद करून दारातून डोकवायचे. चाली मोबाइलवर रेकॉर्ड होऊन ग्रुपवर जायच्या, बाकीची पोरं ऐकून पाठ करायची. संध्याकाळी सगळे निघाले की मी दारातून ओरडायचे, "पोचलात की फोन करा रे!" आणि अनुजाला वेगळं, कारण तिचं होस्टेल लांब आणि वाट अंधाराची, "पोचली की फोन कर गं!" ती "हो हो" म्हणत जिना उतरायची. फोन कधी एकानेही केला नाही, ते सोडा.

नाटक होतं द्राक्षबागेतल्या एका कुटुंबाचं. घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढत दिवस दिवस उभं राहणारी माणसं. त्यांची मुलगी शिकायला लांब निघालेली. मुलगी गाते, बाप गातो, शेजारी गातात, मुकादम तर दोनदा गातो. आणि आई? आईला गाणंच नाही. मी अर्थातच आई. म्हणजे वर्गात साठीची बाई असताना आईसाठी चिठ्ठ्या टाकणार का कोणी? मी रोहितला धरला. "का रे, सगळ्या गावाने गायचं आणि आईने कात्री चालवायची?"

"काकू, आई कामात असते. ती गात नाही, हेच तिचं कॅरॅक्टर आहे."

"कॅरॅक्टर! तुझ्या आईला विचार एकदा."

पण मनातून सांगते, सुटले असं वाटलं. दवाखान्यात डॉक्टरांवर आवाज चढवलाय मी, पण गाण्याचा आवाज काढायचा म्हटलं तर मी परत झांज धरलेली पोरगी. नाटकाला शेवट मात्र मिळत नव्हता. मुलगी पिशवी घेऊन निघते, आई बघत राहते, अंधार. दर वेळी पोरं एकमेकांकडे बघायची. काहीतरी अर्धवट राहतंय हे सगळ्यांना कळायचं, काय ते कळत नव्हतं. रोहितने शेवट लिहिले, फाडले, परत लिहिले.

स्पर्धेच्या थोडे दिवस आधी नाट्यशास्त्राच्या सरांनी गावातल्या एका बुवांना पूर्ण तालीम बघायला बोलावलं. वयस्कर, शास्त्रीय गाणारे, तोंडात पान. बुवा डोळे मिटून सगळं ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "छान आहे. वेगळंच आहे. ना धड सुखाचं वाटतं, ना दुःखाचं, सारखं काहीतरी येणार येणार असं वाटत राहतं. पण मला सांगा, अख्ख्या नाटकात गंधार वर्ज्य करण्यामागे काय विचार आहे?"

कोणाला काही कळेना. मला मात्र लख्ख कळलं आणि पायाखालची जमीन सरकली. अगं आई गं! पोरीने सगळीच्या सगळी गाणी दादांच्या पेटीवर, दादांच्याच काळी चारमध्ये बांधली होती. बोटांना जो सूर मिळाला नाही तो गाण्यात आलाच नाही. एका गाण्यात नाही, दोन गाण्यांत नाही, सबंध नाटकात एकदाही नाही! मी अनुजाकडे बघितलं, ती पांढरीफटक. आणि तेवढ्यात आमचे रोहितराव छाती पुढे काढून बोलले, "हो सर. तो आमचा प्रयोग आहे. मुद्दामच."

"अस्सं?" बुवांनी पान या गालातून त्या गालात घेतलं. "म्हणजे शेवटी कुठेतरी तो येणार असेल. नुसतंच उपाशी ठेवून प्रेक्षकाला घरी पाठवणार नाही तुम्ही. मी येतो स्पर्धेला. कुठे येतो ते बघायचंय मला."

बुवा गेले आणि हॉलमध्ये जो काही गोंधळ झाला! "मुद्दाम म्हणे! कप्पाळ तुझं मुद्दाम!" मी रोहितला झोडपलं. तो डोकं धरून खाली बसला. कोणी म्हणालं, कीबोर्डवर नव्या चाली करू. कोणी म्हणालं, नाव मागे घेऊ. अनुजा कोपऱ्यात रडत होती. मी तिच्याजवळ गेले. "अगं, पट्टी मुकी आहे हे तुला दिसलं ना पहिल्याच दिवशी? बोलली का नाहीस?"

"तुमच्या वडिलांची पेटी, काकू," ती हुंदके देत म्हणाली. "पहिल्यांदा घरी आले आणि लगेच नावं कशी ठेवू? वाटलं, असेल तुमच्यात असंच."

घ्या! आता हसावं की रडावं? ही पाहुणी म्हणून गप्प, आणि मी, तिला कळलंय असं समजून गप्प. मी खरंच हसायला लागले, आणि माझं हसणं बघून तीही रडता रडता हसली. मग मी तिला दादांचं सांगितलं. आधी टक, मग दादांचा गळा. ती नाक पुसत ऐकत होती आणि हळूहळू तिचं रडणं थांबलं. ती उठली, रोहितसमोर जाऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच मी तिला सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं. "चाली बदलायच्या नाहीत. गंधार आईकडे आहे. सगळं नाटकभर ती गात नाही, म्हणून तो येत नाही. शेवटी ती गाईल तेव्हा येईल."

मी आजही तो क्षण आठवला की हातातलं काम खाली ठेवते. चुकलेलं सगळं नाटक त्या चार वाक्यांनी जागेवर येऊन बसलं. जणू पहिल्या दिवसापासून ते असंच ठरलं होतं आणि ठरवणारं आमच्यातलं कोणीच नव्हतं. एवढीशी पोर! देवबिव मी मानत नाही, आमच्या घरात ती पद्धत नाही. पण तेव्हा हात जोडावेसे वाटले, आणि कोणाला जोडायचे ते कळेना.

आणि मग लक्षात आलं की सगळे माझ्याकडे बघतायत.

"नाही," मी म्हटलं. "ते माझ्याच्याने होणार नाही. शेवटासाठी दुसरी आई बघा."

दुसरी आई कुठून आणणार? शब्द मात्र रोहितने चटकन काढले, आणि ते त्याने लिहिलेच नाहीत. म्हणाला, "काकू, तुम्ही रोज दारातून जे ओरडता तेवढंच गायचं. पोचली की फोन कर गं. 'पोच'वर गंधार. संपलं." एवढीशी ओळ! आणि ती मला येईना. अनुजा तोंडाने सूर द्यायची, मी एक तर खाली रे वर बसायचे, नाहीतर घाबरून वर म वर उडी मारायचे. मधला तेवढा सापडायचा नाही. भाजी चिरताना प्रयत्न केला, अंघोळीला केला. हे बाहेरून म्हणायचे, "गाडी फलाटाला लागत नाहीये तुझी!" हसत म्हणायचे, पण एकदा सकाळी चहा ठेवताना ह्यांनी विचारलं, "नाही लागला तर काय होईल?" मी म्हटलं, "पोरांचं नाटक शेवटाशिवाय राहील." ह्यांनी मान हलवली आणि त्या दिवशी टीव्ही लावला नाही.

स्पर्धेच्या दिवसापर्यंत मला तो सूर एकदाही नीट लागला नव्हता. रोहितने हळूच सांगून ठेवलं, "काकू, नाहीच जमलं तर मुलगी गाईल, तुम्ही नुसतं बघा." अनुजा म्हणाली, "मुलगी गाणार नाही." ती पेटी घेऊन रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड बसली. समोर, तिसऱ्या रांगेत, बुवा पान लावत बसलेले. त्यांच्या मागे आमचे हे, इस्त्रीचा शर्ट घालून.

नाटक छान चाललं. नंबर आला का म्हणून सगळे विचारतात, तर दुसरा आला, आणि पहिला का नाही यावर रोहित अजून भांडतो. पण त्या वेळी नंबर कोणाच्या डोक्यात नव्हता. गाणी एकामागून एक येत होती आणि मला जाणवत होतं की समोरची माणसं कशाची तरी वाट बघतायत. कशाची ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. मुलीने पिशवी उचलली. दोन पावलं गेली, वळली. मी कात्री खाली ठेवली. तोंड उघडलं.

काही नाही. रे नाही, म नाही, काहीच नाही. दिव्यांचा उजेड, समोर काळोख, त्यात कोणाचा तरी खोकला. मुलगी झालेली पोरगी डोळे मोठे करून माझ्याकडे बघतेय. मी परत तोंड उघडलं. परत काही नाही.

आणि पडद्याआडून आवाज आला. टक.

नंतर विचारलं तर अनुजा म्हणाली, घाईघाईत मला सूर द्यायला गेली आणि जी पट्टी इतके दिवस टाळत आली होती नेमकी तीच दाबली. लाकडाची टक आणि भात्याची थोडी हवा. सभागृहात कोणाला ती ऐकूही आली नसेल. मला आली. मी एकदम अंगणात होते, गोधडीवर, आणि मला पक्कं ठाऊक होतं की आता दादा लावतील. मी वाट बघितली. आणि सूर आला, थोडा जोरातच, भोक बुजवायचं म्हणून लावतात तसा, तिथेच, न खाली न वर. "पोचली की..." तो दादांचा नव्हता. माझ्या छातीतून येत होता, माझे दात त्याने थरथरत होते. समोरच्या काळोखात सगळ्यांचा मिळून एकच श्वास सुटल्याचा आवाज झाला. "...फोन कर गं." मुलीचं काम करणारी पोरगी नाटक विसरून खरंच रडायला लागली. अंधार झाला, आणि टाळ्या आल्या त्या थांबेनात. बुवा आत आले. त्यांनी अनुजाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले.

घरी येताना ह्यांनी रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तोही हळूच. स्टँडचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. मी साडी बदलली, भात लावला. कुकरची पहिली शिट्टी होते न होते तोच मोबाइल वाजला.

"काकू, पोचले," अनुजा म्हणाली.